देखणा टाका आणि प्रामाणिक टाका

हाताने शिवलेली चामड्याची वस्तू आपण उचलतो तेव्हा नजर आधी टाक्यांवर जाते. सगळे टाके एकाच कोनात तिरके, एकाच लांबीचे, एकाच ताणाचे दिसले की आपण म्हणतो, ‘काय काम आहे!’ आणि लगेच कामावरून माणसावर येतो: ‘किती मन लावून केलंय.’ टाके वाकडेतिकडे असले तर म्हणतो, ‘कसंतरी उरकलंय.’ कधीही न पाहिलेल्या माणसाच्या स्वभावाचा निकाल आपण टाक्याच्या कोनावरून देऊन मोकळे होतो. हा निकाल द्यायचा अधिकार आपल्याला आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे. पण तो नीट मांडायचा तर आधी टाका कसा पडतो ते सांगावं लागेल.

मी ज्या टाक्याबद्दल बोलते आहे तो मुळात खोगीर आणि घोड्याचा साज शिवणाऱ्यांचा. म्हणून त्याला ‘सॅडल स्टिच’ म्हणतात. एकच लांब दोरा घ्यायचा, त्याला मेण लावायचं आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवायची. चामड्याचे थर लाकडी चिमट्यात पकडून चिमटा गुडघ्यांत धरायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. त्याआधी तिरक्या दातांच्या लोखंडी हत्याराने, हातोडीचा ठोका देत, कडेला समांतर अशा सारख्या अंतरावरच्या खुणा पाडून घ्यायच्या. मग आरीने भोक पाडायचं आणि त्या एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पलीकडे न्यायच्या.

टाका तिरका पडण्याचं कारण भोकाच्या आकारात आहे. भोक गोल नसतं, तिरक्या चिरेसारखं असतं. त्या चिरेत दोन दोरे बसवायचे असतात. एकाने वरचं टोक धरायचं, दुसऱ्याने खालचं. प्रत्येक भोकात हाच क्रम राहिला तर दर्शनी बाजूचा प्रत्येक टाका एका चिरेच्या वरच्या टोकापासून पुढच्या चिरेच्या खालच्या टोकापर्यंत जातो, आणि आपोआप तिरका पडतो. एका भोकात डावी सुई आधी आणि पुढच्या भोकात उजवी आधी झाली, की ओळीतला तेवढाच टाका वेगळा दिसतो. एकाला जास्त ओढलं आणि दुसऱ्याला कमी, तरी तेच. शिवाय मागून पाहिलं तर तीच चीर उलट्या दिशेला कललेली असते, म्हणून पुढून सुरेख दिसणारी शिवण मागून बऱ्याचदा सपाट, सरळ रेषेसारखी दिसते. मागचे टाकेही तिरके हवे असतील तर दुसरी सुई ओढण्याआधी एका दोऱ्याचा वळसा दुसऱ्यावरून घ्यावा लागतो. तोही दर भोकात, न चुकता, एकाच बाजूने.

याचा अर्थ, देखण्या टाक्यात प्रतिभेचा भाग फार थोडा आहे. तिथे क्रम आहे, आणि तो क्रम शेवटच्या भोकापर्यंत टिकवण्याची सवय आहे. माझ्या रोजच्या कामात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, याच्याशी जुळणारं पुष्कळ सापडतं. वापरणाऱ्याला कधीच न दिसणारा कोड नीट लिहायचा की नाही, हा आमच्याकडचा मागच्या बाजूच्या टाक्याचा प्रश्न. तिथेही आम्ही एकमेकांच्या ओळींची मांडणी पाहून स्वभावाचे निकाल देतोच.

आता ताकदीकडे येऊ. शिलाई मशीनच्या टाक्यात वरचा दोरा वर राहतो, खालचा खाली, आणि दोघं चामड्याच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. एक तुटला की दुसऱ्याची पकड सुटते आणि शिवण उसवत जायला वाट मिळते. दोन सुयांच्या टाक्यात दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार जातात. एक तुटला तरी दुसरा आपल्या जागी उभा असतो. रस्त्याच्या कडेला बसणारे आपले कारागीर दोन सुया वापरत नाहीत. ते आकडीच्या आरीने खालचा दोरा वर खेचतात आणि त्या फासात दुसरा दोरा ओवून आवळतात. दिसायला तो टाका क्वचितच एका कोनात असतो. पण हाताने, जाड दोऱ्याने आणि भरपूर ताण देऊन घातलेला तो टाका चपलेच्या अंगठ्यावर रोज पडणारा भार सोसतो.

इथे दोन गुण वेगळे होतात. एक प्रामाणिक टाका: जो धरायला हवं ते धरतो. दुसरा देखणा टाका: जो धरतो आणि वर सुंदरही दिसतो. हस्तकलेविषयी जे प्रेमाने लिहिलं जातं त्यात हे दोन गुण एकच मानले जातात. मागची बाजूही पुढच्यासारखीच नेटकी ठेवतो तो खरा कारागीर, कारण मागची बाजू म्हणजे त्याची सदसद्विवेकबुद्धी, असं काहीसं. हे वाक्य मला आवडतं. आवडतं म्हणूनच त्याच्याबद्दल संशय येतो.

संशयाचं कारण साधं आहे, गणिताचं. कार्ड ठेवायचं छोटं पाकीट घ्या. त्याची एकूण शिवण समजा तीस सेंटिमीटर. इंचाला आठ टाके धरले तर साधारण पंच्याण्णव टाके होतात. एका टाक्याला अर्धा मिनिट दिला तर पाऊण तास. मागच्या वळशासकट, ताण तपासत, एक मिनिट दिला तर दीड तासाहून जास्त. पाकीट तेच, चामडं तेच, आणि ताकदीत फारसा फरक नाही. फरक पाऊण तासाचा आहे. मला तो परवडतो, कारण माझं घरभाडं पाकिटावर अवलंबून नाही. शनिवारी दुपारी सहा टाके उसवून पुन्हा घातले तर माझं काहीच बुडत नाही. नगावर मजुरी मिळणाऱ्या माणसाने तेच केलं तर त्या दिवशीचं एक पाकीट कमी होतं.

नगावरची मजुरी काय करते हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या शहरातल्या हजारो बायका घरी विड्या वळतात आणि त्यांना मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. विडी देताना तिची पारख होते, न पटलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात. त्यावरून इतके तंटे होत की १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात विड्या नाकारण्यावरून आणि नाकारलेल्या विड्यांच्या मजुरीवरून होणाऱ्या वादांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. म्हणजे नीटनेटकेपणाचं मोजमाप एकाच्या हातात, आणि त्याची किंमत दुसरीच्या वेळेतून वजा. अशा व्यवस्थेत ‘मन लावून काम कर’ हा उपदेश राहत नाही, तो दर कमी करण्याचा एक मार्ग होतो.

मग चामड्याच्या कामात आपण काय पाहत आलो? सोलापूर जिल्हा या प्रश्नाच्या बाहेर नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या चार जिल्ह्यांना मिळून. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं चामडं, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने शिवलेले थर, आणि वर बहुतेक वेळा घरातल्या बायकांनी विणलेली वेणी, ही तिची ओळख. तिच्या तळाच्या कडेने फिरणारी वादीची शिवण पाहिली तर तिथेही सारखं अंतर आणि सारखा ताण दिसतो. पण ती हाताच्या अंदाजाने आलेली असते. दोन टाक्यांत थोडा फरक असणारच. आपण तो फरक कसा वाचतो हे मात्र चप्पल कुठे ठेवली आहे त्यावर ठरतं. फुटपाथवर ठेवली तर तो ओबडधोबडपणा. काचेच्या कपाटात, पिवळ्या दिव्याखाली ठेवली तर तो ‘हाताचा स्पर्श’.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर २०२५ आठवा. जूनमध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या, तेव्हा कोल्हापुरीचं नावही घेतलं नव्हतं. इथे ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय परंपरेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, आणि भारतात बनवलेले सुमारे २,००० जोड जवळपास ८०० युरोला एक या भावाने विकण्याची योजना जाहीर झाली. या सगळ्या वादात चर्चा नावाची झाली, हक्काची झाली, ते योग्यच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. तोच आकार, तीच वेणी, तीच शिवण. पण ८०० युरोंच्या चपलेतल्या टाक्याकडे पाहताना ग्राहक कारागिराच्या स्वभावाची परीक्षा घेत नाही, त्याला दाद देतो. टाक्याचा अर्थ टाक्यात नव्हता, पावतीत होता.

पावतीच्याही मागे आणखी एक जुनी गोष्ट आहे, आणि तिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडलं की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे. त्यांचा पुढचा मुद्दा मला इथे जास्त लागू वाटतो. जे काम माणसाने निवडलेलं नाही, ज्याला समाज हीन मानतो आणि ज्याच्यामुळे ते करणाऱ्यालाही हीन मानलं जातं, त्या कामात मन आणि बुद्धी कशी लागणार? त्यातून सुटण्याचीच इच्छा होणार. हा विचार मान्य केला तर वाकड्या टाक्यावरून माणसाची पारख करणं आणखी अवघड होतं. तो टाका आळसाचा असू शकतो. थकव्याचा असू शकतो. किंवा ज्याने कधी ‘हो’ म्हटलंच नव्हतं अशा माणसाचा असू शकतो.

आणि तरीही, मला थक्क करणारी गोष्ट अशी की या माणसांनी प्रामाणिक टाका सोडला नाही. विहिरींवर इंजिनं आणि विजेचे पंप यायच्या आधी आपल्या जिल्ह्यातली बागायत चामड्याच्या मोटेवर चालत होती. बैलांनी ओढलेली, पाण्याने भरलेली मोट विहिरीतून वर येताना तिच्या शिवणीवर किती भार येत असेल याची कल्पना करा. मोट शिवणाऱ्या चर्मकाराला गावात बलुतं होतं, मान नव्हता. त्याने कमावलेल्या, शिवलेल्या चामड्यातून वर आलेलं पाणी पिकाला चालत होतं. त्याच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं. त्याच्या शिवणीचा कोन कुणी पाहिला नाही. पण शिवण फुटली असती तर सगळ्या गावाला कळलं असतं. मन लावायला एकही कारण नसताना ती शिवण टिकत होती. याला काय म्हणायचं ते मी अजून ठरवू शकलेले नाही. ‘कामावरचं प्रेम’ म्हणणं मला खोटं वाटतं. कदाचित ते स्वतःशी ठेवलेलं इमान असेल, कदाचित फुटलेल्या शिवणीच्या परिणामांची भीती. बहुधा दोन्ही.

उलट टोकाला निवडीने शिवणारी माणसं. गांधीजींचे सहकारी हर्मन कालेनबाख दक्षिण आफ्रिकेतल्या मारियानहिल इथल्या ख्रिस्ती मठात चपला करायला शिकून आले, आणि टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी ते काम गांधीजींना आणि इतरांना शिकवलं. १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिका सोडताना गांधीजींनी ज्यांच्याशी लढा दिला त्या जनरल स्मट्स यांना स्वतः केलेला चपलांचा जोड भेट दिला. स्मट्स यांनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि पुढे गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, एवढ्या मोठ्या माणसाच्या चपलेत उभं राहण्याची आपली योग्यता नाही अशा भावनेने तो परत केला. त्या जोडाचे टाके एका कोनात होते की नाही हे कुणी विचारत नाही. विचारायची गरजच वाटत नाही, कारण एका बॅरिस्टरने आरी हातात घेतली यातच त्या टाक्याचं सगळं मोल आलं. निवड करता येणाऱ्याचा साधा टाकाही उदात्त ठरतो.

माझीही जागा त्याच बाजूला आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्या घराण्यात चामड्याला कुणी हात लावला नव्हता. मी पहिल्यांदा आरी आणि चामड्याचे तुकडे घरी आणले तेव्हा आजी म्हणाली, ‘हे आपलं काम नव्हे गं.’ दोन महिन्यांनी पाकीट पाहून तीच शेजारणींना कौतुकाने दाखवत होती. काम तेच, वासही तोच. बदललं ते एवढंच की ते इंजिनिअर नातीचा छंद ठरलं होतं. छंद असल्यामुळे मला त्या कामाचा विटाळ लागला नाही, आणि कौतुक मात्र सगळं माझ्या पदरात पडलं. मी शिवणं थांबवावं असं मला वाटत नाही. हीन मानलेलं काम सगळ्यांनी हातात घेतल्यानेही काही गोष्टी ढिल्या होतात. पण माझ्या सरळ ओळीतल्या तिरक्या टाक्यांना मी माझ्या स्वभावाचा दाखला मानू नये, एवढं तरी मला कळायला हवं. ते बऱ्याच अंशी माझ्या शनिवारांचे दाखले आहेत.

इथे एक रास्त आक्षेप येईल. असं म्हणत गेलं तर कुठल्याच निकृष्ट कामाला नाव ठेवता येणार नाही. प्रत्येकाकडे दराचं, वेळेचं, इतिहासाचं कारण असेलच. मग काम नीट करण्याचं कर्तव्य उरतं की नाही?

उरतं. म्हणूनच मी सुरुवातीला दोन टाके वेगळे केले. शिवणीचं शेवटचं टोक न आवळता नुसतं चिकटवून टाकणं, कुजका दोरा वापरणं, रेक्झिनवर चामड्याचा भाव घेणं, यांत फसवणूक आहे. घेणाऱ्याला ती विकत घेताना दिसत नाही, वापरताना कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. प्रामाणिक टाका हा एका अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे. दर कमी म्हणून तो शब्द मोडायचा अधिकार कुणालाही मिळत नाही; फार तर ‘या दरात मी शिवत नाही’ म्हणायचा मिळतो. तेवढंही म्हणता येत नसेल, तर दोष आधी त्या दरात शोधावा लागेल. देखणेपणाचं तसं नाही. तो वेळ घेतो, आणि वेळेचा मोबदला मागायचा कारागिराला हक्क आहे. ज्याचे पैसे मी दिले नाहीत तो पाऊण तास मला मिळाला नाही, म्हणून मी त्याला बेफिकीर ठरवू शकत नाही.

हे दोन गुण पूर्ण वेगळे करता येत नाहीत, हेही खरं. ज्या क्रमाने टाका तिरका पडतो त्याच क्रमाने ताण सारखा राहतो, आणि सारख्या ताणाची शिवण जास्त टिकते. त्यामुळे नीट टाका हा काळजीचा पुरावा असू शकतो. पण वाकडा टाका हा बेफिकिरीचा पुरावा नसतो. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर उडी मारणं ही तर्कातली चूक आहे. आपण ती रोज करतो, आणि शतकानुशतकं काही माणसांच्या बाबतीत ती जास्तच उत्साहाने केली.

सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचा ज्या शरणांशी संबंध आला, त्या बाराव्या शतकातल्या कल्याणच्या शरणांमध्ये हरळय्या नावाचे चर्मकार होते. परंपरा सांगते ती कथा अशी: हरळय्यांनी बसवण्णांना ‘शरणु’ म्हणून नमस्कार केला, तर बसवण्णांनी उलट दोनदा ‘शरणु’ म्हटलं. एक नमस्कार जास्तीचा मिळाला, तो फेडायचा कसा, या विचाराने हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा अस्वस्थ झाले. शेवटी दोघांनी आपल्या मांडीच्या कातड्याचा जोड शिवून बसवण्णांना दिला. बसवण्णांनी तो पायात घातला नाही, डोक्यावर घेतला. पुढे हरळय्यांच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण कुळातल्या शरणाच्या मुलीशी झाला, आणि त्या अपराधासाठी दोन्ही बापांना मृत्युदंड मिळाला.

ही कथा सहसा त्यागाची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात हिशेब दिसतो. एक माणूस एका जास्तीच्या नमस्काराचंही ऋण ठेवू शकत नाही. ज्याच्या हातात आरी होती त्याला आपलं देणं किती, हे इतकं बारकाईने ठाऊक होतं. देणं विसरलेली बाजू दुसरी होती: जी चपला घालत होती, मोटेचं पाणी वापरत होती, आणि त्याबदल्यात एक साधा नमस्कारही द्यायला तयार नव्हती. कल्याणमध्ये एकाने तो दिला, दुप्पट दिला. त्याची केवढी मोठी गोष्ट झाली यावरून तो किती दुर्मीळ होता ते कळतं.

तेव्हा पुढच्या वेळी हाताने शिवलेली वस्तू पाहताना ती जरूर उलटी करून पाहावी. टाका ओढून पाहावा, शेवटचं टोक आवळलं आहे का ते तपासावं. तो आपला हक्क आहे. टाका तिरका आणि सारखा दिसला तर दाद द्यावी. दिसला नाही तर कारागिराच्या स्वभावाबद्दल बोलण्याआधी किंमत विचारावी, आणि त्या किमतीतले किती पैसे त्याच्या हातात पडतात तेही विचारावं. बहुतेक वेळा टाक्याच्या कोनाचं उत्तर तिथे मिळतं.